नेपाळी – ३

हर्णैच्या बंदरातल्या अर्ध्या बोटींची नावं माझ्या हातची.
'एकवीरा प्रसाद', 'या गौस', 'सोनसाखळी'.
नावाखाली नंबर, आयएनडी एमएच चार वगैरे,
नंबराची उंची ठरलेली, रंग ठरलेला.
नावाचं तसं नाही. कुणाला शेजारी पापलेट हवं, कुणाला चांदतारा,
आणि शेवटचं अक्षर भरेस्तोवर
मालकीण नारळ घेऊन उन्हात उभी.

यंदा शाळेची भिंत मिळाली.
होडेकर बाईंनी कागद दिला, तीस कलमांचा.
म्हणाल्या, मोठ्या युद्धानंतर लिहिलाय.
माणसांच्या हातांवर आकडे गोंदले होते त्या युद्धात,
आधी नावं काढून घेतली, मग बाकीचं सगळं.
मी विचारलं, आकडे केवढ्या उंचीचे?
बाई गप्प राहिल्या.
मला खरंच जाणून घ्यायचं होतं. धंदाच तो माझा.

पहिल्या कलमात म्हणे आधी 'सर्व पुरुष' होतं.
आपल्याच देशातली एक बाई अडून बसली,
तेव्हा कुठे 'सर्व माणसं' झालं.
एक शब्द खरवडून त्यावर दुसरा काढायचा
म्हणजे काय, ते मला विचारा.
तीन हात मारले तरी खालचा वर येतो.

भिंत लहान. तीस मावत नव्हती.
पेंटर, तुम्हीच एक निवडा, बाई म्हणाल्या.
मी सहावं निवडलं.
का, ते नाही सांगितलं.

तीन वर्षांमागे, आश्विनातलं वादळ.
'सोनसाखळी' परतली नाही.
चौकीबाहेरच्या फळ्यावर बेपत्ता खलाशांची यादी,
खडू पावसात टिकेना म्हणून मला बोलावलं.
चोगल्यांचा हरेश सांगत गेला, मी काढत गेलो:
सुदाम जानू चोगले, तांडेल.
इब्राहिम डोंगरकर.
वामन पावसे.
मग तो अडला. मान खाजवली.
म्हणाला, नेपाळी, तीन.
मी लिहिलं.
तिनाचं वळण छान जमलं होतं, आठवतंय मला.

पाण्यात पडलेल्याला इथे कुणी जात विचारत नाही.
दोर आधी, गाव कुठलं ते नंतर.
हा कायदा कुठल्या कागदावर नाही, बापजाद्यांचा आहे,
पण चालतो तो भरतीच्या रेघेपर्यंत.
रेघेच्या वर यादी लागते, सही लागते, आधार कार्ड लागतं,
आणि जाळ्यांच्या खोपीत झोपणारा माणूस
मोजण्यापुरता उरतो.

मदतीचे पैसे आले. नावांना आले.
तिनाला कसे देणार?

एका रात्री चौथा माझ्या दारात.
ताप होता म्हणून बोटीवर न गेलेला.
दाजू, त्यांना नावं होती, म्हणाला.
लोकेंद्र साउद. टेकराज चौधरी. खडक विश्वकर्मा.
मी कागदावर लिहिली.
त्यानं कागद दिव्याखाली धरला, 'साउद'वर बोट टेकवलं,
बरोबर, म्हणाला.
तुला वाचता येतं?
आमचीही अक्षरं हीच, दाजू.

म्हणजे बर्फ आणायला जाता-येता
महिनाभर तो वाचत होता तो फळा.

'प्रत्येक माणसाला, जगात कुठेही,
कायद्यासमोर माणूस म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे.'
'कुठेही'ला बोटीचा निळा रंग वापरला, उरला होता.
बाई म्हणाल्या, हात कापतोय का हो? अक्षर नेहमीचं नाही.
खारी हवा आहे, दोन वर्षांत पोपडे धरतील,
दरसाल खरवडून नव्यानं काढावं लागेल.
मी येईन, पैसे नकोत, एवढंच बोललो.

चौकीचा फळा आता पांढरा रंगवलाय,
त्यावर पार्किंगची सूचना. तीही मीच काढली.
संध्याकाळी किल्ल्याकडून ऊन तिरकं येतं,
तेव्हा खालून
तिनाचा आकडा दिसतो.